मेणकापडातला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना म्हटलं की तुम्हाला वाटेल, झिजून झिजून जुना झालेला असेल. तसं असतं तर मी ताठ मानेनं बोललो असतो. झिजलेल्या वस्तूला मान असतो. पाटा झिजतो, उंबरा झिजतो, लोक त्यांना हात लावून नमस्कार करतात. पण मी झिजलो नाही. मी नुसता ठेवून ठेवून जुना झालो. माझ्या आयुष्यातले कामाचे प्रसंग सांगायला बसलो तर तुमची मधली सुट्टीसुद्धा पुरी भरणार नाही.

माझा जन्म मोडनिंबचा. धोंडिराम नावाच्या दोरवाल्यानं मला वळलं. त्यानं अंबाडीच्या काड्या ओढ्यात भिजत घातल्या, त्यांचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलून उन्हात वाळवला आणि मग अंगणाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्याची बायको येसूबाई, अशी दोघं उभी राहून मला पीळ घालू लागली. येसूबाईचं तोंड हातापेक्षा जोरात चाले. नवऱ्याचा एक पदर सैल पडला की ती म्हणायची, “जेवला न्हाय व्हय सकाळी? वढा की!” तो हसायचा आणि ओढायचा. तिचा थोडा पीळ माझ्यात तेव्हाच उतरला असावा. तीन पदर एकत्र आले, मी मनगटाएवढा जाड झालो आणि सोलापूरच्या बाजारात विकायला गेलो.

बाजारात मला वाटत होतं, कुणी शेतकरी नेईल, विहिरीवर बांधेल. पण मला घ्यायला आले ते धोतर, काळा कोट आणि पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं.

“शाळेला पाहिजे,” ते म्हणाले. “रस्सीखेचीला. तुटणार नाही ना?”

“गुर्जी, बैल जुंपा न्हायतर पोरं जुंपा,” धोंडिराम म्हणाला. “वढून वढून पोरं दमतील, ह्यो न्हाय दमायचा.”

पोरं! मला तर हर्षच झाला. बैलांच्या शेपट्या पाहण्यापेक्षा पोरांचे हात कितीतरी बरे. माझे गृहस्थ म्हणजे चनबसप्पा गुरुजी, एका प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि सगळी वाट मिरवत शाळेत नेलं. शाळेत नेऊन काय केलं, तर कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली कनवटीला खोचली.

मित्रांनो, गुरुजी वाईट होते असं समजू नका. मुलांवर त्यांची माया होती, पण सामानावर त्याहून जास्त होती. आधीच्या शाळेत त्यांच्या ताब्यातला एक फुटबॉल हरवला होता आणि त्यासाठी त्यांना साहेबांपुढे हात जोडून उभं राहावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. सामान म्हणजे तळहातावरचा फोड. दर शनिवारी शाळा सुटली की ते कपाट उघडायचे, एकेक वस्तू फडक्यानं पुसायचे, मोजायचे आणि परत ठेवायचे. माझ्यावरून हात फिरवताना म्हणायचे, “कसा नवा कोरा आहे बघा.” त्यांच्या हाताला विभूतीचा वास यायचा. आठवड्यातला तेवढाच माझा उजेड.

कपाटात माझे शेजारी होते. एक फुटबॉल होता, त्यात कधी हवा भरली गेली नव्हती. तो रिकाम्या पिशवीसारखा कोपऱ्यात पडलेला असायचा आणि आपण गोल आहोत यावर त्याचा स्वतःचाही विश्वास उरला नव्हता. लेझमी मात्र भाग्यवान. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्यांना बाहेर काढत. परत आल्या की त्या आठ आठ दिवस छुमछुमत राहायच्या, अमुक गल्लीतून गेलो, तमुक चौकात वळलो. मी ऐकून घ्यायचो. दुसरं करणार काय?

कपाट ऑफिसच्या भिंतीला लागून होतं आणि भिंतीपलीकडे व्हरांडा. त्यामुळे दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं यायचं. गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळानं प्रार्थना. मग पाढे. मग मधल्या सुट्टीचा गलका. खो-खोतला “खो!” ऐकला की माझे पदर आतल्या आत ताणले जायचे. हाकेच्या अंतरावर शंभर हात खेळत होते आणि मला एकाचाही स्पर्श नव्हता. तुम्हाला कधी ताप आला म्हणून घरात निजवून ठेवलं असेल आणि गल्लीत विटीदांडू रंगला असेल, तर तुम्हाला माझं दुःख कळेल. फक्त मला ताप नव्हता.

मला जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर चांगला आठवतो, कारण त्या वर्षी चौथीच्या वर्गाला हेमावतीबाई आल्या. तरुण, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी आल्या आल्या ऑफिसात येऊन विचारलं, “गुरुजी, यंदा शाळाशाळांच्या सामन्यांत मुलींचीही रस्सीखेच आहे. आपल्या मुलींना दोर द्याल का सरावाला?”

“देऊ की,” गुरुजी म्हणाले. “सामन्याच्या दिवशी देऊ.”

“सराव कशानं करायचा मग?”

“सरावानं दोर खराब होतो बाई. तपासणी आली तर काय दाखवू? जपा. सामान जपा.”

हेमावतीबाई वर्गाकडं परत गेल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मला एक आवाज ऐकू आला. “माझ्या आयचं लुगडं आणलंय बाई. फाटकंच हाय, पर पीळ दिला की चालंल.”

ती चांगुणा. हाडापेरानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. तिचे वडील मागावर कामाला आणि आई घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. पोरींनी त्या लुगड्याला पीळ घातला आणि ओढायला लागल्या. मी कपाटात होतो, अख्खा, तीन पदरी, मनगटाएवढा, आणि माझं काम बाहेर एक फाटकं लुगडं करत होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पाचव्या दिवशी ते लुगडं टर्रकन फाटलं आणि सगळ्या पोरी खिदळत पडल्या.

“चांगुणा, तू फार जोर लावतेस ग,” बाई हसत म्हणाल्या.

“लावनार की! पुन्यांदा कवा मिळनार हाय? चवथी झाली की माझी शाळा बंद. आय म्हनती, कांड्या भरायला बस. एवडं येकच वर्स हाय माझं.”

हे तिनं रडत सांगितलं नाही. बाजारातून मीठ आणायचं आहे, अशा सुरात सांगितलं. पण मी ऐकलं आणि त्या दिवसापासून माझं मन तिच्यापाशी राहिलं. तिला एकच वर्ष होतं आणि त्या वर्षात मी तिच्या हाती पडायला हवा होतो. दर शनिवारी गुरुजी मला पुसायचे, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणायचो, द्या हो, एकदा तरी द्या. पण दोराचं मनातलं कुणाला ऐकू येतं?

शेवटी पौषात मी बाहेर आलो, तेही खेळासाठी नव्हे. शाळेची सहल निघाली कुंभारीला, चांगुणाच्या मामाच्या शेतावर, हुरडा खायला. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं पायी. रस्त्यानं ट्रक धावतात, पोरं हरवतील, चिरडतील, म्हणून गुरुजींनी युक्ती काढली. सगळ्या पोरांनी एका हातानं दोर धरून रांगेत चालायचं.

मित्रांनो, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या सबंध अंगावर हातच हात. काही घामट, काही चिकट, एकाच्या हाताला गूळ लागलेला. पोरं गाणी म्हणत होती, मधेच कुणी मला हिसडा द्यायचं, कुणी माझ्यावर रेलायचं. सगळ्यांत मागचं टोक चांगुणाकडं होतं. तिचा हात खरखरीत आणि गरम होता.

शेतावर आगटीत कणसं भाजली, मामानं ती चोळून हुरडा काढला, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर ताक. गुरुजींनी असा आडवा हात मारला की जेवण झाल्यावर बोरीच्या सावलीत त्यांना झोप लागली. हेमावतीबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “पोरींनो, या इकडं.”

एका बाजूला चौथीची पोरं, एका बाजूला पोरी. काळ्या मातीत बाईंनी पायानं रेघ ओढली. शेवटाला चांगुणा, मला कंबरेभोवती घेऊन. आणि मग ओढ लागली! माझा पदर न् पदर ताणला गेला. धोंडिरामनं मला का वळलं ते मला त्या घटकेला कळलं. एकदा पोरांकडं, एकदा पोरींकडं, पाटाच्या ओलीत घसरत, चिखलात लोळत मी इकडून तिकडं जात होतो. चांगुणानं टाचा रोवल्या आणि दात-ओठ खात म्हणाली, “आता बगाच!” पोरं सगळी नाकावर आपटली.

त्या आरोळीनं गुरुजी जागे झाले. ते धावत आले आणि चिखलात माखलेलं माझं रूप पाहून मला धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

“अरेरे,” एवढंच म्हणाले. “माझा दोर.”

ते कुणाला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. शाळेत येताच त्यांनी शाळेची शिपाईबाई केराबाई हिला बोलावलं आणि मला सोड्याच्या पाण्यात धुवायला लावलं. तिनं मला दगडावर आपटून आपटून धुतलं.

“गुर्जी, पार मुरलंय पानी ह्याच्यात,” ती म्हणाली. “भिताडावर टाकते दोन दिस.”

“बाहेर नको. कुणी नेलं तर? आण इकडं.”

“ओला हाय की अजून.”

“वरून तर कोरडा लागतोय. आण म्हणतो ना.”

त्यांनी मला फडक्यानं पुसलं. मग धूळ बसू नये म्हणून नवीन मेणकापड आणलं, त्यात मला घट्ट गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि आत डांबराच्या गोळ्या टाकल्या. आई तान्ह्या बाळाला गुंडाळते तितक्या मायेनं त्यांनी हे केलं. मग कपाट लावलं. कुलूप. कनवटीला किल्ली.

ओल आत राहिली आणि वारा बाहेर. आधी मी नुसता कोंडलेला होतो, आता कोंडलेला आणि गुदमरलेला. काही दिवसांनी माझ्या मधल्या भागाला खाज सुटल्यासारखं झालं, मग तिथं काहीच जाणवेना. मी ओळखलं. मी कुजत होतो. तपासणीला साहेब आले. त्यांनी दारातूनच कपाटात नजर टाकली, मेणकापड पाहिलं आणि म्हणाले, “वा! सामान असं जपावं.” मग चहा घेतला आणि गेले. माझ्या आयुष्यातलं ते एकुलतं एक कौतुक. गुरुजींचा चेहरा उजळला होता आणि माझ्या पोटात बुरशी वाढत होती.

मार्चमध्ये सामने आले. गुरुजींनी मेणकापड सोडलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली माझा वास लपला होता. वरून मी होतो तसाच, पिवळाधमक. मैदानावर गुरुजी पंचांना म्हणाले, “आमचा दोर घ्या. नवा कोरा आहे.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं, असं तुम्ही म्हणता ना, तसं झालं. मी ओरडत होतो, मला वाकवून पाहा, मला नखानं खरवडून पाहा, पोरी पडतील! पण मला तोंड कुठं होतं? चांगुणा आली. तिनं केसाला तेल लावून घट्ट वेण्या बांधल्या होत्या. मला कंबरेभोवती घेताना ती माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “चल, दावू त्यांस्नी.”

शिट्टी झाली. मी जेवढा धरता येईल तेवढा जीव धरला. पहिली ओढ आमच्या पोरींनी जिंकली. दुसरी समोरच्या शाळेनं. तिसऱ्या ओढीला चांगुणानं टाचा रोवल्या, पोरी एका आवाजात “हुईय्या” म्हणाल्या, समोरच्या पोरी रेघेकडं सरकायला लागल्या, आणि मी मधोमध तुटलो.

दोन्हीकडच्या पोरी उताण्या पडल्या. सारं मैदान खदाखदा हसलं. चांगुणाचं कोपर मुरमावर सोलवटलं, रक्त आलं. गुरुजी धावत आले. ते आधी तिच्याकडं यायला हवे होते. ते माझ्याकडं आले. त्यांनी माझी दोन टोकं दोन हातांत धरली आणि सगळ्या शाळांदेखत ओरडले, “काय ही दांडगाई, चांगुणा! मुलीच्या जातीला एवढा जोर शोभतो? तोडलास ना दोर!”

दुसरा दोर कुणाकडं नव्हता. मुलींचा सामना रद्द झाला. मी पुन्हा कपाटात गेलो, आता दोन तुकडे होऊन. मोडकं सामानसुद्धा कचेरीचा हुकूम येईपर्यंत टाकता येत नाही, असा नियम होता.

पोरांनी तिचं नाव पाडलं, ‘दोरतोडी’. रोज मधल्या सुट्टीत मला ऐकू यायचं, “दोरतोडी आली, पळा! खांब धरला तर शाळा पडंल!” पहिले दोन दिवस ती मारायला धावली. मग धावायची थांबली. मग खेळायचीच थांबली. खेळाच्या तासाला ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, माझ्या कपाटामागच्याच भिंतीला. अलीकडे मी, पलीकडे ती. मला सांगायचं होतं, पोरी, तुझा जोर वाईट नव्हता, मी नासलो होतो. एक वीत भिंत होती मधे.

एकदा केराबाई तिच्याजवळ येऊन बसली. “खेळत का न्हाईस ग?”

“मी हात लावला की तुटतंय,” चांगुणा म्हणाली. “लुगडं तुटलं. दोर तुटला. आय म्हनती, मागावरचं सूत लई नाजूक असतंय. त्ये बी तुटंल माझ्या हातनं.”

केराबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठली आणि तडक हेमावतीबाईंकडं गेली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई ऑफिसात आल्या. त्यांनी कपाट उघडायला लावलं, माझं तुटकं टोक हातात घेतलं आणि बोटांनी चुरगाळलं. माझे तंतू भुशासारखे गुरुजींच्या टेबलावर सांडले.

“गुरुजी, हा कुजलाय,” बाई म्हणाल्या. “ओला गुंडाळला होता आपण.”

गुरुजी त्या भुशाकडं पाहत राहिले. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “जपायलाच गेलो होतो हो बाई,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. मला त्यांची दया आली, खरंच आली. पण ते दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मोठ्या माणसाला चूक कळायला एक वेळ लागतो आणि ती तोंडातून बाहेर यायला दुसरा.

निकालाचा दिवस आला. चांगुणा पास झाली. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला ती ऑफिसात आली, तेव्हा तिची आई फाटकापाशी थांबली होती. त्या दिवशी शनिवार नव्हता, पण गुरुजींनी कपाट उघडं ठेवलं होतं. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

“चांगुणा,” ते म्हणाले, “दोर तुझ्यामुळं तुटला नव्हता. मी ओला ठेवला होता. कुजला होता तो.”

ती बघत राहिली. आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं.

“तुमास्नी कवा कळलं, गुर्जी?”

गुरुजी टेबलावरचा दाखला उगाच सरळ करायला लागले.

“मला वराडला तवा समदी हुती,” ती म्हणाली. “आन आता सांगताय तर मी एकलीच हाय. बाहीर पोरं हायती की अजून. त्यांस्नी सांगा.”

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. न्यायाची गोष्ट होती, ती तिनं सरळ सांगितली. गुरुजींचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता हे कपाट लावणार, कुलूप घालणार. त्यांनी टोपी नीट केली, भिंतीवरची घंटा घेतली आणि ते बाहेर गेले. घंटा वाजली. निकाल घेऊन नाचणारी पोरं थांबली. चांगुणा माझ्या शेजारीच उभी होती, तिनं माझं टोक मुठीत धरलं होतं.

“मुलांनो,” बाहेरून आवाज आला. “चौथीच्या चांगुणानं दोर तोडला नाही. दोर मी कुजवला. तिच्याएवढी ताकद या शाळेत कुणाच्या अंगात नाही, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

मग कुणीतरी, बहुधा त्याच नाकावर आपटलेल्यांपैकी एकानं, “चांगुणा!” अशी आरोळी ठोकली आणि सगळी शाळा तिच्या नावानं ओरडायला लागली. चांगुणानं मला सोडलं. पदरानं डोळे पुसावेत तसे तिनं परकराच्या टोकानं पुसले आणि दाखला घेऊन ती आईबरोबर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कांड्या भरायला बसली, असं केराबाई सांगत होती. तिच्या हातून सूत तुटत नाही म्हणे.

जूनमध्ये शाळा उघडली. गुरुजींनी कपाटाचं कुलूप काढून टाकलं. फुटबॉलात हवा भरली आणि तो बिचारा आपण खरोखर गोल आहोत हे पाहून दिवसभर उड्या मारत होता. नवा दोर आला, तो व्हरांड्यात खुंटीवर टांगला, हवा तेव्हा घ्या. पोरांनी तो घेतला, पोरींनीही घेतला. मी कचेरीच्या हुकमाची वाट पाहत आत पडून सगळं ऐकत होतो. सगळे आवाज होते. एक तेवढा नव्हता, दणकट, सगळ्यांच्या वरून येणारा. कपाट उघडलं होतं, पण जिच्यासाठी उघडायचं ती निघून गेली होती.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असं एखादं कपाट असेल. त्यात माझ्यासारखा कुणी नवा कोरा पडून असेल. तुमच्या गुरुजींना, बाईंना सांगा, हट्ट धरा, पण त्याला बाहेर काढा. त्याला चिखल लागू द्या, मग धुवा, उन्हात वाळवा आणि परत खेळायला घ्या. आम्हाला जपायचं असेल तर हातात घेऊन जपा. आम्ही झिजलो, तुटलो तरी वाईट वाटून घेऊ नका. दोर बाजारात दुसरा मिळतो. चौथीचं वर्ष दुसरं मिळत नाही.